साक्ष देताना गाळलेली ओळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळ जवळ आला की वर्तमानपत्रांत आमचे कंदील, केक आणि वांद्रे-भायखळ्याची रोषणाई येते. ते जरूर छापावं. पण ३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या मराठी चर्चमध्ये आणखी एक गोष्ट होते. वर्षाच्या शेवटच्या उपासनेत माणसं उभी राहून साक्ष देतात : आजारातून उठलो, मुलगी पास झाली, देवाने सांभाळलं. मीही २०१४ पासून दरवर्षी उभा राहत आलो. ‘परळमध्ये देवाने मला घर दिलं,’ असं म्हणायचो आणि मंडळी ‘आमेन’ म्हणायची.

ते घर कसं आलं ते इथे लिहितो. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो, धाकटा नववीत. दोघांना शिकवणं वडिलांना झेपेना. धाकट्याला नगर जिल्ह्यातल्या गावी चुलत्यांकडे धाडलं. तो परत आलाच नाही, शेतातच राहिला. मी हिशेबनीस झालो. वडील गेल्यावर, १९९३ साली, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीची भाडेपावती माझ्या नावावर करायची होती. स्टॅम्पपेपर घेऊन गावी गेलो. ‘नुसती सही आहे रे, खोली दोघांचीच,’ म्हणालो. त्याने न वाचता सही केली. पुढे चाळ पाडली, खोलीच्या बदल्यात तीनशे चौरस फुटांचा फ्लॅट मिळाला, आणि ‘दोघांचीच’ हा शब्द मी पुन्हा काढला नाही.

आपण खोटं वागतोय असं मला इतकी वर्षं वाटलंच नाही. मनात हिशेब तयार होता : आईला मी सांभाळलं, दुरुस्तीचे पैसे मी भरले, त्याच्याकडे जमीन आहेच की. आई होती तोवर तो दरवर्षी एसटीच्या टपावर ज्वारीचं पोतं टाकून पाठवायचा, ते मी त्याच्या नावे कधी जमा धरलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. एक नोंद गाळली की खातं कसं हवं तसं जुळवता येतं, हे मला ठाऊक नसेल तर कोणाला?

आमच्याकडे पापाची कबुली सगळे मिळून वाचतात. त्या ‘आम्ही’च्या आड मी सुखाने बसून राहिलो. मराठी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूच्या प्रार्थनेत शब्दही ‘ऋणे’ असाच आहे : ‘आमची ऋणे आम्हांस सोड’. रोज म्हणतो. पण रुपयांत मोजता येईल असं ऋण आपल्या डोक्यावर आहे, हे मी ध्यानात येऊ दिलं नाही. अन्यायाने घेतलेलं चौपट परत देईन म्हणणाऱ्या जक्कयाचा धडा तर मी संडेस्कूलच्या मुलांना फळ्यावर गुणाकार करून शिकवला आहे!

यंदा मुलाला कर्जासाठी जुने कागद हवे होते. पेटीतून तो स्टॅम्पपेपर निघाला. धाकट्याची सही नववीतल्या मुलासारखी, गोल, जपून काढलेली. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे पुढे जाऊन ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. आधी माणसाने स्वतःची परीक्षा करावी, मग भाकर खावी, असं बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो. मी जागेवरून उठलो नाही.

त्याच आठवड्यात गावी गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, ‘दादा, आज काय किंमत आहे त्याची?’ मी पंच्याहत्तर लाख म्हणालो. एजंटने मला एक कोटी दहा लाख सांगितले होते. माफी मागायला गेलेला मी, आणि तिथेही जीभ पस्तीस लाख खाली उतरली. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी एसटीत बसण्याआधी खरा आकडा सांगितला. त्याने मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

आपल्या मंडळ्यांत साक्ष गोड, पूर्ण झालेलीच लागते. ‘देवाने दिलं’ म्हणणाऱ्याला, कोणाच्या हातून दिलं, असं कोणी विचारत नाही. पाळकांनी, वडीलधाऱ्यांनी हे विचारावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. मला कोणी विचारलं असतं तर मी रागावलो असतो, पण इतकी वर्षं गेली नसती. मुंबईत अशा एका सहीवर उभी राहिलेली घरं थोडी नसावीत, म्हणून चर्चच्या मासिकाऐवजी आपल्याकडे लिहितो आहे.

अर्ध्या हिश्श्याचं बक्षीसपत्र करायला वकिलांकडे कागद दिले आहेत. मुलाला हे पटलेलं नाही, घरात बोलणं कमी झालं आहे. नोंदणी होईपर्यंत मी प्रभुभोजनाला पुढे जात नाही. पाळकसाहेबांनी कारण विचारलं, ते मी सांगितलं. गावात चर्चा नको असं धाकट्याचं म्हणणं आहे, म्हणून नाव छापू नये.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, परळ