आजारी जवानाच्या सेवामुक्तीच्या शेऱ्याची फेरतपासणी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक रोड आणि देवळालीच्या लोकांना तोफखान्याची माणसे नवी नाहीत. तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र इथे आहे, जवानांची सेवापुस्तके सांभाळणारे अभिलेख कार्यालयही इथेच आहे. त्यामुळे पलटणीतून घरी आलेला माणूस पेन्शनवर आला, बोर्ड आउट होऊन (म्हणजे आजारामुळे मेडिकल बोर्डाने अपात्र ठरवून) आला, की काढून टाकल्यामुळे आला, याची चर्चा आजूबाजूच्या गावांत लगेच होते आणि त्या घराची पुढची पत तिच्यावरच ठरते. यांपैकी तिसऱ्या रकान्यात पडलेल्या, पण खरे तर दुसऱ्या रकान्यात असायला हव्या होत्या, अशा मानसिकदृष्ट्या आजारी जवानांविषयी मला लिहायचे आहे.

मी सैन्यात लिपिक संवर्गात नोकरी करून सुभेदार पदावरून निवृत्त झालो आणि आता माजी सैनिकांची व त्यांच्या कुटुंबीयांची कागदपत्रे लावून देतो. काही महिन्यांपूर्वी निफाड तालुक्यातील एक वृद्ध बाई आपल्या मुलाची कागदपत्रे घेऊन आल्या. मुलाच्या सेवेची पहिली आठ वर्षे स्वच्छ होती, एकही शिक्षा नव्हती. त्यानंतर सीमेवरील एका खडतर ठाण्यावर बदली झाली आणि तिथून परतल्यावर दीड वर्षाच्या आत लाल शाईच्या, म्हणजे शिक्षेच्या, चार नोंदी झाल्या: रजेवरून उशिरा हजर, पुन्हा रजेवरून उशिरा हजर, पहाऱ्याची जागा सोडली, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. शेवटच्या कागदावर ‘सेवेची आवश्यकता उरली नाही’ असा शेरा होता. याच कागदांत लष्करी रुग्णालयाची एक चिठ्ठी सापडली. झोप नाही, कानात आवाज येतात, दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवावे, असे तीवर डॉक्टरांनी लिहिले होते. तारखा ताडून पाहिल्या, तेव्हा त्या दोन आठवड्यांनंतरच्या दिवशी हा जवान अठ्ठावीस दिवसांची शिक्षा भोगत कोठडीत होता असे दिसले. पुन्हा कोणी दाखवले नाही. पेन्शनसाठी लागणारी पंधरा वर्षे भरायच्या आत तो घरी आला आणि आज नागरी डॉक्टरांकडे त्याच्यावर स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू आहेत. औषधाचा खर्च आईच्या शेतमजुरीतून होतो, कारण ना पेन्शन, ना माजी सैनिकाचे ओळखपत्र, ना ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड.

या जवानाच्या चारही नोंदी खोट्या होत्या असे मी म्हणत नाही. त्याने पहारा सोडला होता आणि पहारा सोडणे ही पलटणीत क्षुल्लक बाब नसते, कारण मागे झोपलेल्या साथीदारांचे जीव त्या एका माणसाच्या भरवशावर असतात. माझे म्हणणे एवढेच आहे, की आठ वर्षे निर्दोष वागलेला माणूस एकाएकी असा का वागू लागला, हा प्रश्न त्याला घरी पाठवताना कोणीही विचारला नाही आणि आजच्या नियमांप्रमाणे तो विचारणे कोणावर बंधनकारकही नाही.

वाचकांना आश्चर्य वाटेल, पण कोर्ट मार्शलपुढे उभ्या असलेल्या आरोपीला या बाबतीत अधिक संरक्षण आहे. आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम १४५ नुसार आरोपी मनोविकृतीमुळे आपला बचाव करण्यास असमर्थ असेल, किंवा कृत्य करताना त्याचे स्वरूपच त्याला कळत नव्हते असे दिसले, तर न्यायालयाला तसा निष्कर्ष नोंदवावा लागतो. म्हणजे मोठ्या गुन्ह्याच्या खटल्यात मनाची अवस्था तपासली जाते. लहानलहान चुकांच्या बेरजेवर आर्मी रूल्स, १९५४ च्या नियम १३ खाली प्रशासकीय सेवामुक्ती होते, तेव्हा मात्र त्या अवस्थेचा विचार करण्याची सक्ती नाही. सैन्य मुख्यालयाच्या २८ डिसेंबर १९८८ च्या पत्रात, चार लाल नोंदी झाल्या म्हणून काढलेच पाहिजे असे नाही, जवानाची दीर्घ सेवा, खडतर ठाणी आणि राहणीमानातील हालअपेष्टा लक्षात घ्याव्यात, असे सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात २०१५ मध्ये चौकशीविना केवळ नोंदी मोजून दिलेली सेवामुक्ती रद्द ठरवली. तरीही अशा चौकशीत मानसोपचारतज्ज्ञाचे मत घेतलेच पाहिजे असे कुठे लिहिलेले नाही आणि माझ्या अनुभवात ही चौकशी बहुधा नोंदी खऱ्या आहेत की नाहीत एवढ्यावरच थांबते.

हाच जवान वेळेवर मेडिकल बोर्डापुढे गेला असता, तर त्याची वाट अगदी वेगळी झाली असती. अपंगत्वाची पेन्शन ठरवताना, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो आजार सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे आणि शंकेचा फायदा जवानाला द्यावा, असे धरमवीर सिंह प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मानसिक आजारांच्या बाबतीत न्यायालयांचा सूर नेहमी एकसारखा राहिलेला नाही हेही सांगायला हवे. २०१९ च्या नरसिंह यादव प्रकरणात, असा आजार भरतीच्या तपासणीत उघडकीस येणे कठीण असते असे म्हणत न्यायालयाने, आजार सेवेमुळे झालेला नाही, हे मेडिकल बोर्डाचेच मत ग्राह्य धरले होते. पुढे २०२५ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या कारणावरून काढलेल्या एका जवानाच्या खटल्यात मात्र, बोर्डाने कारणे न देता काढलेला निष्कर्ष चालणार नाही, असे न्यायालयाने सुनावले. निदान या सर्वांच्या हाती बोर्डाचा कागद तरी होता. शिस्तभंगाचा शेरा घेऊन आलेल्याला त्या वादात उतरायलाही जागा नसते.

अमेरिकेत हा प्रश्न व्हिएतनाम युद्धातून परतलेल्यांच्या निमित्ताने पुढे आला. युद्धाच्या आघातातून होणाऱ्या मानसिक आजाराला तिथल्या वैद्यकशास्त्राने १९८० मध्ये स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली, पण तोपर्यंत हजारो सैनिक बेशिस्तीचा शिक्का घेऊन घरी गेले होते. सप्टेंबर २०१४ मध्ये तिथल्या संरक्षणमंत्र्यांनी, अशा सैनिकांचे अर्ज आले तर सेवानोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळांनी उदार दृष्टीने विचार करावा, असा आदेश काढला आणि २०१७ मध्ये त्याची व्याप्ती इतर मानसिक आजारांपर्यंत व मेंदूच्या दुखापतीपर्यंत वाढवली. मंडळाने विचारायचे प्रश्न साधे आहेत: आजार होता का, तो सेवेत असताना होता का, त्या वर्तनाचा दोष त्यामुळे खरोखर कमी होतो का, आणि होत असल्यास आजार त्या शिक्क्यापेक्षा जड भरतो का? यात सरसकट माफी नाही. गंभीर गुन्हा असेल तर अर्ज फेटाळलाही जातो. आपल्याकडे असे लेखी मार्गदर्शक आदेश निघाले, तर शिस्तीला धक्का लागेल ही भीती मला निराधार वाटते. खोटे आजार ओळखण्याचा अनुभव लष्करी मानसोपचारतज्ज्ञांना कोणाही नागरी डॉक्टरपेक्षा अधिक असतो.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० नुसार सरकारी नोकराला नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्याला काढता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये लढाऊ सैनिकांना या कलमातून वगळण्यात आले. हातात शस्त्र असलेल्या माणसाबाबत हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण आजारी जवानाला ठेवून घेता येत नसेल, तर त्याला निदान आजारी म्हणून घरी पाठवावे, बेशिस्त म्हणून नव्हे. ज्यांच्या कागदपत्रांत लष्करी रुग्णालयाची एखादी चिठ्ठी, औषधाची नोंद किंवा सेवामुक्तीनंतर लवकरच झालेले निदान आहे, त्यांची प्रकरणे संरक्षण मंत्रालयाने मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या मंडळापुढे पुन्हा ठेवावीत आणि आजार सिद्ध झाल्यास सेवामुक्तीचे कारण बदलून त्यांना वैद्यकीय कारणाने मुक्त झालेले समजावे, अशी माझी मागणी आहे.

सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबईत खंडपीठ आहे, मग हे लोक तिथे का जात नाहीत, असे कोणी विचारील. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत तिथे अर्ज करायचा असतो. विलंब माफ करण्याची तरतूद आहे, पण स्वतःला काही झाले आहे हेच ज्याला मान्य नाही, त्याने वकील गाठावा, मुंबईची तिकिटे काढावीत आणि विलंबाचे कारण शपथेवर सांगावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली असून सैनिक कल्याण कार्यालयांत विधी सहाय्य केंद्रे उघडण्याचे ठरवले आहे. आपल्या जिल्ह्यातील केंद्रात वकिलाबरोबर महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ बसला, तर निम्मी प्रकरणे तिथेच मार्गी लागतील, कारण कोणता कागद आजाराचा पुरावा आहे हे वकिलालाही एकट्याने उमगत नाही.

एक बाब मात्र सरकारी निर्णयासाठी थांबू शकत नाही. पेन्शन नसलेल्या जवानांची सेवा कागदपत्रे पंचवीस वर्षे जपून नंतर नष्ट केली जातात. कारगिल युद्धाच्या आगेमागे घरी आलेल्यांची मुदत संपली आहे किंवा संपत आली आहे. ज्यांच्या घरी असा जवान आहे, त्यांनी त्याचा सैनिक क्रमांक लिहून संबंधित अभिलेख कार्यालयाकडे माहिती अधिकाराखाली आजच अर्ज करावा आणि सेवापत्रकाबरोबर वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रतीही स्पष्ट शब्दांत मागाव्यात. नुसते सेवापत्रक मागितले, तर रुग्णालयाच्या चिठ्ठ्या त्यात येत नाहीत.

आपला,
एक निवृत्त सुभेदार,
नाशिक रोड