आक्काच्या पाटल्या आणि तुझा प्रश्न

सातारा,
दसऱ्यानंतरचा रविवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे बोललास ते तुझ्या आत्यानं ऐकलं. फोन स्पीकरवर होता आणि आक्का माझ्या शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. "एवढं सोनं घालून एकटीनं फिरायचं म्हणजे चोराला आवतणच की. आणि कुणीही पोलीस आहे म्हणालं की काढून द्यायचं?" हे तुझं वाक्य. ती काही बोलली नाही. ताट बाजूला सरकवलं आणि आत जाऊन पडली. तू वाईट बुद्धीनं बोलला नाहीस हे मी जाणतो. पण विषय फोनवर उरकण्यातला नाही, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. म्हणून हे पत्र.

आधी झालं काय ते पुरतं ऐक, कारण तू अर्धंच ऐकलंस. सातव्या माळेला आक्का सकाळी देवीला निघाली. गळ्यात गंठण, हातात पाटल्या. वळणावर मोटारसायकल लावून दोघं उभे. साधे कपडे, बारीक कापलेले केस, एकाच्या गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी. "आजी, पुढच्या गल्लीत आत्ताच एका बाईला चाकू दाखवून लुटलंय. साहेबांनी सांगितलंय, दागिने काढून पिशवीत ठेवा." आक्का घुटमळली. तेवढ्यात समोरून एक माणूस आला. त्याला या दोघांनी तिच्यादेखत दम भरला, एवढी जाड चेन घालून कुठं निघालास म्हणून. त्यानं मुकाट्यानं चेन काढली, यांनी ती कागदात बांधून त्याच्या हातात दिली. तो त्यांचाच होता हे आता कळतंय. तिथं उभं राहून कळलं नसतं, तुलाही नाही आणि मलाही नाही. मग आक्कानं काढून दिलं. कागदाची पुडी करून त्यांनी तिच्या पिशवीत टाकली आणि वर "सांभाळून जा आजी" म्हणाले. देवळात ओटी काढताना तिनं पुडी उघडली. आत प्लास्टिकच्या दोन बांगड्या आणि वजन लागावं म्हणून थोडी खडी.

या तोतया पोलिसांची रीत महाराष्ट्रभर वर्षानुवर्षं चालत आलीय, पेपरात तू वाचलीच असशील. ती चालते कशावर ते बघ. जी बाई बेफिकीर आहे, जी म्हणेल "लुटू दे, मला उशीर होतोय", ती यात सापडत नाही. जी घाबरते, ऐकते, पोलिसांना मान देते, दागिने जपायला बघते, तीच सापडते. आक्काला लुटलं ते तिचा सावधपणा वापरून. पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवरच 'अटक' करणारे हे जे 'डिजिटल अरेस्ट'वाले आहेत त्यांचंही तेच. कायद्यात तसली अटक नाहीच, पण ज्याला कायद्याचा धाक आहे तोच त्या व्हिडिओ कॉलसमोर बसून राहतो. तेव्हा "काळजी घ्यायला हवी होती" हे वाक्य आक्काला लावायचं कुठं? ती काळजीच घेत होती.

मी तुला हेल्मेट घाल म्हणतो, खंबाटकीत ओव्हरटेक करू नको म्हणतो, ते बंद करणार नाही. पण घाटातलं वळण तुझ्यावर पाळत ठेवून नसतं. चोर असतो. तू कुलूप बदललंस की तो हत्यार बदलतो, तू ओटीपी सांगायचा नाही हे शिकलास की तो ओटीपी न मागता ॲप टाकायला लावतो. म्हणून गुन्ह्यातली खबरदारी कधी पुरी होत नाही. आणि ती पुरी नव्हती हे मागाहून दाखवून द्यायला अक्कल लागत नाही, कारण शेवट ठाऊक असतो.

सोन्याचंही एक सांगतो. नवरात्रात आक्का रिकाम्या गळ्यानं आली असती तर गल्लीतल्या त्याच बायकांनी "हे काय, अंगावर काहीच नाही?" म्हणून विचारलं असतं. तिच्या यजमानांच्या, तुझ्या मामांच्या माघारी तर हे जरा जास्तच विचारलं जातं. घातलं तरी बोल, नाही घातलं तरी बोल. ते असो.

दुपारी मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. कोणतं ते लिहीत नाही. टेबलावरच्या पहिल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पण मावशी, तुम्ही काढून दिलंच का?" आक्कानं खाली बघून पदर बोटाला गुंडाळायला घेतला. नंतर दुसरे एक साहेब आले, त्यांनी खुर्ची दिली आणि विचारलं: गाडी कुठल्या रंगाची, कुठल्या दिशेनं गेले, बोलणं इकडचं होतं का, कागद कुठाय, त्याला हात किती जणांचे लागले. आक्काला सगळं आठवत होतं! मागच्या सीटवरच्याच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, हेसुद्धा. पहिल्याच प्रश्नावर आम्ही उठून आलो असतो तर ते नख कुणाच्याच कागदावर आलं नसतं. दोघांनी प्रश्नच विचारले, पण एकाचे चोराच्या दिशेनं जात होते आणि एकाचा आक्काच्या.

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे, सरकारी माणूस असल्याचा आव आणण्याचं 204 आहे, आणि गळ्यातलं हिसकावून नेण्याला आता 304 हे वेगळं कलम दिलंय. यातल्या एकातही असं लिहिलेलं नाही की फसणारा हुशार असला तरच गुन्हा. दार उघडं ठेवलेल्या घरातनं भांडं नेलं तरी ती चोरीच.

तू म्हणशील, बाबा, तुम्हीच बँकेत लोकांना झापायचा. झापायचो की. ओटीपी दिलात तर पैसे परत मागू नका, हे मी काउंटरवरनं शेकडो खातेदारांना सांगितलंय. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक मला अजून पाठ आहे. बँकेचा किंवा खातेदाराचा दोष नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर खातेदाराचं नुकसान शून्य. त्यानं स्वतः पासवर्ड वगैरे सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे निष्काळजीपणाला किंमत आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती किंमत बँक आणि खातेदार यांच्यातला हिशेब आहे. त्या परिपत्रकात चोराला कुठंही सूट नाही. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि चोराच्या नावे टाकायचं ते फसलेल्याच्या नावे टाकून वही मिटतात.

त्यात ते 'कळवेपर्यंत' आहे ना, तिथंच सगळं अडतं. आमच्या शाखेत एक निवृत्त मास्तर होते. पेन्शन खात्यातून पैसे गेले ते त्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि आमच्याकडे आले पुढच्या आठवड्यात. सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या 1930 ला लगेच फोन लावला असता तर पैसे मधल्या एखाद्या खात्यात अडकवता आले असते. पहिले काही तासच कामाचे असतात, पुढं ते पैसे चार खात्यांत फुटून एटीएममधून निघून जातात. का थांबलात म्हणून मी विचारलं. म्हणाले, "मुलगा मुंबईला असतो. तो काय म्हणेल, याच विचारात राहिलो." पुढचे दोन व्यवहार त्या आठवड्यात झाले होते.

आक्काचंही तसंच होणार होतं. देवळातनं ती घरी आली, पोळ्या केल्या, आम्हाला वाढलं आणि मग तुझ्या आईला सांगितलं. निम्मा दिवस गेला. उद्या तिला असला फोन आला आणि खात्यातले पैसे गेले, तर ती आपल्याला तासात सांगेल की आठवड्यानं, हे तुझ्या परवाच्या वाक्यासारख्या वाक्यांवर ठरणार आहे.

आता जरा अवघड लिहितो. 25 फेब्रुवारी 2025 ला पहाटे स्वारगेटला एक मुलगी फलटणच्या गाडीची वाट बघत होती. एकानं "ताई" म्हणून बोलणं काढलं, गाडी तिकडं लागलीय सांगितलं, उभ्या शिवशाहीपाशी नेलं आणि तिथं अत्याचार केला, असा गुन्हा नोंदला गेला. प्रकरण कोर्टात आहे, निकालाबद्दल मी बोलणार नाही. पण त्या आठवड्यात पोवई नाक्यावर चहा प्यायला गेलो की कानावर काय यायचं? अंधाऱ्या गाडीत चढलीच कशी. ओरडली का नाही. तू त्याच स्टँडवरनं घरी येतोस. सातारा विनाथांबा कुठं लागते हे तिथं कुणाला तरी विचारल्याशिवाय कळतं का? फलाट बदलतो, भोंग्यातलं बोलणं समजत नाही, आणि "तिकडं लागलीय" म्हणणाऱ्याच्या मागं आपण बॅग घेऊन पळतो. एसटी त्याच भरवशावर चालते. तू तसा कितीदा पळालायस, तुला कुणी विचारलं नाही.

'ओरडली का नाही' हे आपल्या कायद्यालाही लवकर सुटलं नाही. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा खटला झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघा पोलिसांना सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, 1983 मध्ये कायदा बदलला. आणि अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहायला 2013 उजाडलं. आता ते संहितेच्या कलम 63 मध्ये आहे. चहाच्या टपरीवर ते अजून पोचलेलं नाही.

लोक असं बोलतात ते दुष्टपणानं बोलतात असं मला वाटत नाही. फसलेल्याची चूक सापडली की हायसं वाटतं. मी तसं करत नाही, म्हणजे माझ्या घरी हे होणार नाही. तुझ्या आवाजातही मला परवा तेच ऐकू आलं. आत्याची काळजी वाटली, ती अशी बाहेर पडली.

तुझ्या ताईशी माझं यावरून भांडण चालूच असतं. कराडहून तिला यायला रात्र होते, मी लोकेशन पाठव म्हणतो, रिक्षाचा नंबर टाक म्हणतो. ती सगळं करते. मागच्या महिन्यात म्हणाली, "बाबा, हे सगळं पाळूनही काही झालं तर मला पहिला प्रश्न काय विचाराल ते आत्ता सांगा." मी म्हटलं, कुठं आहेस, निघालोच. ती म्हणाली, लिहून द्या. शिवाय तिचं दुसरं एक म्हणणं आहे: सावधपणाचा सगळा खर्च तिनंच का भरायचा? तू रात्री अकराला मित्रांबरोबर कास रोडला गेलास तर घरात कुणी घड्याळ बघत नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही. लोकेशन मात्र मी मागतच राहणार, आणि ती चिडतच राहणार.

तर, आत्याला फोन कर. माफी वगैरे मागून तिला आणखी अवघडवू नको. काय झालं ते तिला तिच्या तोंडून सांगू दे, मध्ये 'का' घालू नको. खरा पोलीस रस्त्यात कुणाला दागिने काढायला लावत नाही, असं कुणी म्हणालं तर चार माणसांत जाऊन थांबायचं आणि 112 लावायचा, हे मी तिला सांगितलंय. तू ते परत सांगू नकोस. दिवाळीत हळदीकुंकवाला चार बायका जमतील तेव्हा तीच त्यांना सांगणार आहे. ते नाटक कसं करतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

एफआयआरची प्रत मिळाली आहे, ती फुकट मिळते हे लक्षात ठेव. तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत कळवायचं असतं, मी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. पाटल्यांची मोती चौकातल्या सराफाची पावती सापडली, गंठणाची सापडत नाही. साहेबांनी दागिने दिसतील असे फोटो मागितलेत. आतेबहिणीच्या लग्नातले सगळे फोटो तुझ्या लॅपटॉपवर आहेत. त्यात आक्का मुलीला हळद लावतेय तो बघ, त्यात दोन्ही हात आणि गळा स्वच्छ दिसतो. व्हॉट्सॲपवर टाकू नको, फोटो बारीक होतो. ईमेलनं पाठव, मंगळवारच्या आत.

तुझे
बाबा