बाबांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रिपोर्टवर 'ग्रेड दोन फॅटी लिव्हर' असं लिहून आल्यापासून तुम्ही गप्प गप्प आहात, असं आई म्हणाली. गळ्यात माळ घातलेल्या माणसाला यकृताचा आजार निघाला म्हटल्यावर चार लोक काय बोलतील, हे तुमच्या मनाला लागलंय. म्हणून आधी तेच लिहिते. दारूनं यकृतात चरबी साठते हे खरं आहे. पण आयुष्यात थेंबही न घेतलेल्यांच्या यकृतातही ती साठते, आणि जगभरात अशाच माणसांची संख्या जास्त आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये मान खाली घालण्यासारखं काही नाही. कुणी विचारलं तर खुशाल सांगा.

फोनवर तुम्ही म्हणालात, "आधी शुगर, मग बीपी, आता हे तिसरं." हा तिसरा आजार नाही, बाबा. एकाच दुखण्याचं हे आणखी एक टोक आहे, आणि मला या पत्रात मुख्यतः एवढंच तुमच्या गळी उतरवायचं आहे. २०२३ साली अमेरिका, युरोप आणि लॅटिन अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी निदानाची नवी कसोटी ठरवली. यकृतात चरबी, आणि जोडीला वाढलेलं वजन किंवा पोटाचा घेर, वाढलेली साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि कमी असलेलं चांगलं कोलेस्टेरॉल, या पाचांतलं एक जरी असलं तरी ही चरबी चयापचयाच्या बिघाडातून आलेली मानायची. तुमच्या बाबतीत पाचही आहेत. घेर १०२ सेंटिमीटर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) ८.१, बीपीची गोळी चालू, ट्रायग्लिसराइड २६२, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३४. लॅबमध्ये रोज असे रिपोर्ट माझ्या हाताखालून जातात. हे आकडे असे जोडीजोडीनंच येतात.

तुम्ही नेहमी एक प्रश्न विचारता. रात्री साडेसातला अर्धी भाकरी खाऊन झोपतो, मधे पाण्याशिवाय काही नाही, मग सकाळी उपाशीपोटी साखर १५८ येते कुठून? ती यकृतातून येते. आपण झोपलेलो असताना मेंदूला साखर लागते, ती यकृत थोडी थोडी रक्तात सोडतं. किती सोडायची यावर इन्सुलिनचा लगाम असतो. यकृतात चरबी भरली की ते इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि गरज नसताना साखर सोडत राहतं. तुमची मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः इथंच काम करते.

आता ही चरबी आली कुठून? तेलकट खाण्यातून थेट येते तो वाटा लहान. मोठा वाटा पोटावरच्या चरबीतून येतो. जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की चरबीच्या पेशींनी आपला साठा आवरून धरायचा असतो. इन्सुलिनचं त्या ऐकेनाशा झाल्या की चरबी रक्तात सुटते आणि यकृतात जाऊन बसते. दुसरीकडं, शरीर दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि एवढ्या इन्सुलिनखाली यकृत जास्तीच्या साखरेपासून स्वतःच नवी चरबी तयार करतं. त्यातली काही ते रक्तात बाहेर पाठवतं. तेच तुमचं २६२ ट्रायग्लिसराइड. म्हणजे साखरेमुळे यकृत बिघडतं आणि यकृतामुळे साखर बिघडते. नुसत्या यकृतावरचं औषध शोधून हे चक्र तुटणार नाही.

म्हणूनच शेजारच्या काकांनी दिलेला गुळवेलीचा काढा घेऊ नका, असं कळकळीनं सांगते. त्यांचा हेतू चांगला आहे, पण करोनाच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले होते. आणि बाबा, कोलेस्टेरॉलची गोळी तुम्ही "लिव्हरवर गरम पडते" म्हणून परस्पर बंद केलीत, हे मला आईकडून कळलं. तुम्ही घेत होता ती स्टॅटिनची गोळी फॅटी लिव्हर असलेल्यांना चालते. शिवाय या माणसांच्या जिवावर सगळ्यात जास्त बेततं ते हृदयविकारानं, यकृतानं त्या मानानं कमी. जी गोळी हृदय सांभाळते तीच यकृताच्या भीतीनं थांबवायची, हे मला बघवत नाही. उद्याच डॉक्टरांना फोन करून पुन्हा चालू करायचं विचारा.

आता रिपोर्टमधली मला खटकलेली गोष्ट. 'ग्रेड दोन' यावरून चरबी साधारण किती ते कळतं, पण यकृतात वण धरायला लागलेत का, ते कळत नाही. आणि खरा प्रश्न वणांचाच आहे. चरबी, मग सूज, मग वण म्हणजे फायब्रोसिस, आणि शेवटी सिरॉसिस, अशी ही वाट आहे. बहुतेकांचं पहिल्याच पायरीवर थांबतं. मधुमेह असेल तर पुढं जायचा धोका वाढतो. "एसजीपीटी ४१ म्हणजे नॉर्मल, काळजी नको," असं तुम्हाला सांगितलं गेलं. एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी द्रव्यं. पण एसजीपीटी नॉर्मल असूनही वण असू शकतात.

त्यासाठी एक साधा हिशोब असतो, फिब-४. तुमचं वय ६४, त्याला एसजीओटी ३८ नं गुणलं की २४३२. खाली प्लेटलेट १९० (म्हणजे १ लाख ९० हजार), गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, ४१ चं ६.४, म्हणजे १२१६. भागाकार २. यातला प्रत्येक आकडा आपापल्या जागी नॉर्मल, रिपोर्टवर कुठंही ठळक अक्षर नाही. पण १.३ च्या खाली आलं असतं तर मी निर्धास्त झाले असते, आणि २.६७ च्या वर गेलं असतं तर धास्तावले असते. तुम्ही मधे आहात. मधल्या माणसांनी फायब्रोस्कॅन करायचा असतो. बरगड्यांवर बाहेरून यंत्र टेकवून यकृत किती कडक झालंय ते मोजतात. सुई नाही, भूल नाही, दहा-पंधरा मिनिटांत सुटका. हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. केंद्र सरकारनंही २०२१ मध्ये हा आजार मधुमेह-हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे.

आई, आता तुझ्याकडं वळते. तू म्हणशील, मला काय झालंय, मी तर काडीसारखी. ५१ किलो, उंची १५० सेंटिमीटर, वजनाच्या तक्त्यात तू अगदी चोख बसतेस. पण दिवाळीत ब्लाउजच्या मापासाठी टेप लावली तेव्हा कंबर ८४ भरली होती. आपल्या बायकांसाठी ८० ही हद्द आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभे असलेला एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही याज्ञिकांच्या गटाला हेच दिसलं. वजन कमी, पण चरबी त्या मानानं कमी नाही. आपण वरून बारीक आणि आतून चरबीचे, असे जन्मतःच असू शकतो. तुझी मोठी बहीण पन्नाशीत इन्सुलिनवर गेली. पाळी गेल्यावर बायकांचाही धोका वाढतो. घरात सगळ्यांची तपासणी झाली आणि तुझी राहिली, असं यंदा होऊ देणार नाही.

खाण्याबद्दल लांबण लावत नाही, दोन-तीन गोष्टीच सांगते. गूळ ही साखरच आहे, "गुळाचा चहा चालतो" हे डोक्यातून काढा. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोजचा, त्याचा बहुतेक भार यकृतावरच पडतो. त्यामुळं चहा बिनसाखरेचा, आणि रसवंतीवरचा ग्लास बंद. आंबा फोडी करून दोन-तीन खा, वाटीभर आमरस नको. बिनसाखरेची कॉफी आवडली तर जरूर घ्या, कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृताचे वण कमी दिसतात. आई, सोमवारची साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट. उपास तुझ्या श्रद्धेचा आहे, तो सोड असं मी कधीच म्हणणार नाही, पण त्या दिवशी दही, शेंगदाणे, राजगिरा चालतो ना? आणि बाबांच्या ताटात एक भाकरी कमी करून मटकीची उसळ नाहीतर कुळथाचं पिठलं दोन पळ्या जास्त वाढ. स्वतःच्याही. सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात खायचा, हे पुरे झालं आता.

बाबांचं वजन ८२. त्यातले चार किलो उतरले तरी यकृतातली चरबी कमी व्हायला लागते. सहा ते आठ किलो उतरले तर सूज ओसरते, आणि आठच्या पुढं गेलं तर बऱ्याच जणांचे वणसुद्धा मागं हटलेले आहेत. शरीरातला दुसरा कुठला अवयव एवढा सावरत असेल असं मला वाटत नाही. पण घाईनं नको, महिन्याला किलो-दीड किलो. उपाशी राहून झटकन उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात. वजन हललं नाही तरी नुसत्या चालण्यानंही यकृतातली चरबी उतरते, तेव्हा काट्यावर आकडा तोच दिसला म्हणून चालणं सोडायचं नाही. सकाळी प्रीतिसंगमापर्यंत जाऊन या, आणि रात्रीच्या जेवणानंतर गल्लीतच पंधरा मिनिटं, दोघांनी मिळून. एसटीत कंट्रोलरच्या खुर्चीत तुमचा जन्म बसून गेला, बाबा. पाय अजून धड आहेत, त्यांना कामाला लावा.

फायब्रोस्कॅनची वेळ मी पुढच्या शुक्रवारी सकाळी दहाची घेतली आहे, पुण्यातच. गुरुवारी संध्याकाळच्या गाडीनं निघा, स्वारगेटला मी येते. तपासणीआधी निदान तीन तास पोटात काही नको, पण बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. जुने सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका, बंद केलेलीही. आई, शुक्रवारी तूही चहा न घेता निघायचं. तुझं उपाशीपोटीचं रक्त आणि सोनोग्राफी तिथंच उरकून घेऊ.

तुमची,
लेक