धरण फुटल्याच्या अफवा आणि खरा इशारा

महोदय,

गेल्या पावसाळ्यात एका रात्री ‘धरण फुटले, ताबडतोब घरे सोडा’ असा संदेश आमच्या आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि अर्ध्या तासात सगळी आळी जागी झाली. सोबतचा व्हिडिओ भलत्याच मुलखातला होता, हे सकाळी कळले. तोवर शेजारच्या ऐंशी वर्षांच्या काकूंना आम्ही खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावर नेले होते. बाहेरच्यांना हा भोळेपणा वाटेल. परंतु २ जुलै २०१९ च्या रात्री आमच्याच चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण खरोखर फुटले आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. ज्याने हे पाहिले आहे, तो असा संदेश वाचून स्वस्थ झोपू शकत नाही.

हे संदेश पसरवणारे बहुतेक जण दुष्ट नसतात. मुंबईतल्या चाकरमान्याचे आईवडील गावी एकटे असतात, फोन लागत नाही, म्हणून हाती आलेला मजकूर तो घाबरून दहा ठिकाणी पाठवतो. ट्विटरवरील सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढणारे एक संशोधन २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त असते आणि हे काम मुख्यतः माणसेच करतात, असे त्यात आढळले. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्यानंतर व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा भारतात आणली. पण मजकूर कॉपी करून नव्याने टाकला की ‘फॉरवर्डेड’ ही खूणही उरत नाही.

लोकांची मतेही अशीच घडतात. २०२१ चा पूर का आला, याच्या उत्तरात अतिवृष्टी, भरतीची वेळ, नदीतला गाळ, पात्रालगतचे भराव, कोळकेवाडी धरणातून येणारे कोयनेचे अवजल (वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी) अशा अनेक गोष्टी तपासाव्या लागतात. मोबाइलवरच्या संदेशात मात्र एकच गुन्हेगार असतो, आणि पूररेषेसारख्या घरादाराशी निगडित प्रश्नाच्या बैठकीला माणसे तोच मनात धरून येतात.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अफवेच्या त्या रात्रीनंतर पंधरवड्याने इशाऱ्याचा भोंगा खरोखर वाजला, तेव्हा आमच्या इमारतीतली निम्मी माणसे उठलीच नाहीत. ‘मागच्यासारखेच असेल,’ असे एकाने मला दारातूनच सांगितले.

म्हणून प्रशासनाला विनंती आहे की, अतिवृष्टीच्या काळात धरणाची पातळी, विसर्ग आणि पुलापाशी वाशिष्ठीची उंची दर तासाला, दिनांक व वेळेसह, सोप्या मराठीत जाहीर करावी आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रित निवेदनही द्यावे. अधिकृत माहिती चार तासांनी येणार असेल, तर मधले चार तास अफवेच्याच ताब्यात जातात. आपल्या दैनिकानेही अफवेचा खुलासा आतल्या पानाच्या कोपऱ्यात न देता पहिल्या पानावर द्यावा.

आमच्या आळीने तालुक्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक आता प्रत्येक जिन्यात लावला आहे. त्या रात्री संदेश टाकणारा मुलगाच हल्ली आधी तिथे फोन करतो आणि मग ग्रुपवर लिहितो.

आपला विश्वासू,
एक वाचक, चिपळूण