मुरमाच्या वाफ्याबद्दल अण्णांचे आभार

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

जुळे सोलापुरातील आमच्या अंगणात दिवसभर ऊन असते आणि लव्हेंडर व रोझमेरी ही उन्हाची झुडपे आहेत, एवढ्याच माहितीवर मी सलग दोन वर्षे रोपे लावली. दोन्ही वर्षी ती गणपतीच्या सुमारास गेली. सोलापूरचे ऊन त्यांना सोसवत नाही असे समजून मी वर हिरवी जाळी बांधली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिले. तिसऱ्यांदा रोपवाटिकेत आले, तेव्हा तुम्ही नवे रोप दिलेच नाही. मेलेले रोप मुळासकट आणायला सांगितले. काळ्या पडलेल्या मुळांचा वास घेऊन तुम्ही म्हणालात, "ताई, हे उन्हानं नाही, पाण्यानं गेलंय."

ही दोन्ही झुडपे मूळची भूमध्य समुद्राकाठची, तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, आपल्याकडे मात्र पाऊस उकाड्यातच येतो, सप्टेंबरात तर सर्वांत जास्त, आणि आपली काळी माती ते पाणी कितीतरी दिवस धरून ठेवते, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या ध्यानातही आले नव्हते.

पुढच्याच रविवारी तुम्ही घरी आलात, पन्हाळीचे पाणी पडणार नाही अशी जागा निवडलीत आणि मुरूम व जाड वाळू मिसळून दीड फूट उंच वाफा करून घेतलात. शेणखत मी पाटीभर आणले होते. तुम्ही त्यातले ओंजळभरच घेतले, कारण खत जास्त झाले की ही झुडपे मऊ आणि लुसलुशीत वाढतात. दिवाळीनंतर रोझमेरी आणि दातेरी पानांचे लव्हेंडर लावले. बोट दोन पेरे खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यायचे, आणि फुले सरल्यावर शेंडे छाटताना पाने नसलेल्या जुन्या लाकडाला कात्री लावायची नाही, हे दोन्ही मी आजवर पाळले आहे.

कण्हेरही त्याच समुद्राकाठी नदीनाल्यांच्या पात्रांत रानोमाळ वाढते, हे मला तुमच्याकडूनच कळले. ती लावण्यापूर्वी तुम्ही घरात लहान मूल आहे का, असे विचारलेत आणि तिचा प्रत्येक भाग विषारी असल्याने ती मागच्या कुंपणाशी लावायला सांगितलीत. नातीची आजी म्हणून त्या एका प्रश्नाबद्दल मी तुमची विशेष ऋणी आहे.

दोन पावसाळे उलटले. रोझमेरी कमरेएवढी झाली असून जानेवारीत तिला फिकट निळी फुले आली. तिच्या पाच फांद्यांना मुळे फुटली आहेत; त्यांतली दोन रोपे पुढच्या आठवड्यात तुमच्यासाठी घेऊन येते.

आपली नम्र,
जुळे सोलापूरची ताई