पिशवी काढण्याआधी एकदा खोकायला सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या आईने अंग बाहेर येण्याचा, म्हणजे गर्भाशय किंवा शेजारचा अवयव योनीतून खाली उतरण्याचा, त्रास ११ वर्षे अंगावर काढला. हंडा उचलला किंवा खुरपणीला बराच वेळ उकिडवे बसले की गोळा खाली यायचा. तो बोटाने आत सारल्याशिवाय तिला लघवी मोकळी होत नसे. आम्हा मुलींनाही तिने हे सांगितले नव्हते. कळल्यावर तालुक्याच्या एका दवाखान्यात नेले. तिथे निजवून सोनोग्राफी केली, रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला आणि तरीही सल्ला मिळाला, ‘आता पिशवीचं काय काम? काढून टाका.’

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आधी सगळे ऐकून घेतले. आतून तपासताना तिला जोरात खोकायला लावले, मग उभे करून पाहिले. पाच मिनिटांत निदान झाले. बाई निजली की गोळा आत जातो, म्हणून हा आजार हातांनी तपासूनच ओळखायचा असतो. गर्भाशय उतरले आहे, की पुढून मूत्राशय किंवा मागून गुदाशय, हेही त्यातच कळते आणि उपचार त्यावर ठरतो.

आईला योनीत सिलिकॉनची रिंग बसवली, ती गोळा वर धरून ठेवते. दर तीन महिन्यांनी ती काढून, धुऊन, आत जखम नाही ना ते पाहून पुन्हा बसवतात. पाळी जाऊन बरीच वर्षे झाल्याने सोबत इस्ट्रोजेनचे मलम दिले. एवढ्यावर ती आज शेतात जाते. त्रास नुकता सुरू झाला असेल तर लघवी रोखल्यासारखे स्नायू आवळण्याचा व्यायाम तीन-चार महिने रोज केल्यानेही फरक पडतो. काहींना शस्त्रक्रिया लागतेच. पण नुसती पिशवी काढून सैल झालेला आधार घट्ट होत नाही. तो नीट बांधला नाही तर पुढे योनीचा वरचा भागच खाली येऊ शकतो. तरुण बायकांची पिशवी राखून ती वर बांधण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी रूढ केल्या. आईला मात्र पहिल्या दवाखान्यात रिंग हा शब्दसुद्धा कुणी सांगितला नाही, याचा मला अजून संताप येतो.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. आता सरकारी मोहिमेत तिशीपुढच्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी होते. बाई टेबलावर असतेच, तेव्हाच तिला एकदा खोकायला सांगावे. दोन-चार मापांच्या रिंगा प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवाव्यात आणि त्या बसवायला तिथल्या डॉक्टरांना शिकवावे. आशाताई घरोघरी जातात, त्यांनी ‘खाली काही येतं का?’ एवढे सरळ विचारावे. आईला कुणी असे विचारले असते तर तिने सांगितले असते, असे ती स्वतःच म्हणते.

आपली,
एक वाचक, संगमनेर
(पत्र आईला विचारून लिहिले आहे. तिच्या इच्छेनुसार नाव छापू नये, ही विनंती.)