सॉफ्टवेअरमधला 'एक रकाना' महाग का पडतो?

संपादक महोदय,

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांची (धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यांची) सॉफ्टवेअरची कामे रखडली की मालक आणि सॉफ्टवेअरवाले एकमेकांवर खापर फोडतात. वादाचे मूळ बहुतेक वेळा फोनवर सांगितलेल्या एखाद्या बदलात असते.

अर्धे काम झाल्यावर निरोप येतो, 'बिलावर हीट नंबर पाहिजे, एक रकाना वाढवा.' हीट नंबर म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूला दिलेला क्रमांक. रकाना तासाभरात वाढतो. पण एका ओळीतले 200 नग दोन हीटचे असतील तर ती ओळ फोडावी लागते. मग शिल्लक साठाही हीटनुसार ठेवायला हवा, नाहीतर कोणत्या हीटचा माल गेला हे सांगणार कोण? मशीनिंगला पाठवलेल्या मालाच्या चलनावर आणि परत आलेल्या रिजेक्शनवरही तोच नंबर लागतो. गोडाऊनमधल्या जुन्या मालाला तर नंबरच नाही. त्याचे काय करायचे तेही ठरवावे लागते. शिवाय तयार झालेले सगळे रिपोर्ट पुन्हा तपासायचे.

ही गरज आधी कळू शकते. चर्चा मालकांच्या केबिनमध्ये होते आणि हीट नंबर डिस्पॅचच्या माणसाच्या वहीत असतो, इथेच घोळ होतो. कोडला हात लावण्यापूर्वी मागच्या महिन्याची बिले, चलने, रिजेक्शन नोटा मागून घ्याव्यात. खाडाखोड झालेल्या सर्वांत आधी. सांगितलेला नियम कुठे मोडतो ते त्यातच दिसते.

काही बदल कुणाच्याच हातात नसतात. फाउंड्रीबाहेरचे उदाहरण घ्या: 22 सप्टेंबर 2025 पासून तुपावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. दर प्रोग्राममध्येच लिहिलेला असेल तर तो बदलताच जुन्या बिलाची रक्कम कमी करणाऱ्या क्रेडिट नोटेलाही 5 टक्के लागतो. तिथे 12च हवा. दर वेगळ्या तक्त्यात लागू तारखेसह ठेवला की एका नव्या नोंदीत काम भागते.

बाकी बदलांना एक पान पुरे: काय हवे, कशाकशाला हात लागणार, दिवस किती, पैसे किती, मुदत कुठे जाणार. खाली दोघांच्या सह्या, कंपनीकडून ठरलेल्या एकाच माणसाची. दोन आठवड्यांचा टप्पा चालू असताना नवी मागणी मध्ये घुसवू नये. कायद्याचा बदल तेवढा अपवाद. आणि 'छोटेच आहे, करून टाकतो' असे सॉफ्टवेअरवाल्यांनी मुळीच म्हणू नये. अशा कामाची नोंद कुठेच राहत नाही, आणि सहा महिन्यांनी बिल चुकायला लागले की कारण शोधायला जागाच उरत नाही.

— एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, राजारामपुरी, कोल्हापूर